बर्गनला जायचं कुणी

बर्गनला जायचं होतं मला, पण बर्गनवर बोलायचा हक्क अख्ख्या अमरावतीला होता. शेजारच्या वहिनी सांगून गेल्या की तिथं सहा महिने सूर्यच उगवत नाही. दूधवाल्याने विचारलं, तिकडे म्हशी असतात का. आणि आमचे हे, म्हणजे किशोरराव, यांनी फोनवर तिथलं हवामान लावून ठेवलं होतं. रोज सकाळी चहाचा कप हातात आला की सांगायचे, ''आजबी पाऊसच हाय वं तिथं.'' बाहेर आमच्याकडे चव्वेचाळीस डिग्री. तो फोन कूलरच्या टाकीत बुडवावा असं मला रोज वाटायचं.

आमची प्राजक्ता नॉर्वेत बर्गनला असते. समुद्राकाठचं शहर, बंदरावर लाल-पिवळी लाकडी घरं, मागे डोंगर, सगळं मी व्हिडिओत इतक्यांदा पाहिलं की डोळे मिटून चालेन. ती तिथं माशांना काय खायला घालावं याचा अभ्यास करते आणि जावई कुलदीप जहाजांच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. सप्टेंबरात तिचं बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. पण तिची डॉक्टर तिथली, नोकरी तिथली, एवढा प्रवास नको, म्हणून तिला इकडे आणणं जमेना. मग माहेरच तिकडे न्यायचं ठरलं. तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवून मी मागच्या वर्षी निवृत्त झाले होते. या वयात मला कुणाकडून काही नको होतं. फक्त सप्टेंबरात मी माझ्या लेकीजवळ असायला हवी होते.

यात अवघड काय आहे? पण आमच्याकडे सरळ गोष्ट सरळ होत नाही.

राजकमल चौकाजवळ जीवनचं ट्रॅव्हलचं ऑफिस आहे. तो माझाच विद्यार्थी, नववीला गणितात दोनदा गचकलेला. तेव्हाचा सूड तो आता उगवतोय की काय, अशी मला शंका होती. दर दोन दिवसांनी त्याचा फोन. ''मॅडम, लग्नाचा दाखला लागते.'' आमचं लग्न मोर्शीला मांडवात झालं, हजार माणूस जेवलं, दाखला कुणी मागितला होता? ''मॅडम, फोटोत कान दिसून नाई राहिले.'' फोटोसाठी मी चार वेळा स्टुडिओत गेले. चौथ्या वेळी मी जीवनला विचारलं, फोटोत हसायचं नाही म्हणतात, ते तरी ठीक आहे ना? त्यावर जीवन म्हणाला, ''त्याचं टेन्शन नाई मॅडम, तुमचा नेहमीचा चेहराच चालते.'' मी त्याच्याकडे पाहिलं तसा तो झेरॉक्स काढायला पळाला.

तरी एप्रिल संपेपर्यंत बरंचसं जुळलं होतं. मी आणि हे, दोघांनी ऑगस्टच्या शेवटी निघायचं. कुलदीपचं घर दोन खोल्यांचं, एका वेळी दोनच पाहुणे मावतील, असं त्याने आधीच सांगितलं होतं. दोघांच्या नावाचं निमंत्रणपत्र तो पाठवणार होता. ते आलं की व्हिसाला मुंबईला जायचं.

आता एवढ्या मोठ्या कामाला निघायचं आणि व्याह्यांना कळवायचं नाही, असं कसं चालेल? फोनवर सांगितलं तर मान राहत नाही. म्हणून एका रविवारी आम्ही गाडी काढून अकोल्याला, जठारपेठेत त्यांच्या घरी गेलो. व्याही नत्थुजी पेपर वाचत बसले होते. विहीणबाई, म्हणजे मनकर्णाबाई, आतून पन्हं घेऊन आल्या. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण घर कसं चालवावं ते त्यांच्याकडून शिकावं. मी सगळं सांगितलं, तारखा, विमान, घर. त्या ऐकत राहिल्या. शेवटी निघताना उंबऱ्यापाशी मी म्हटलं, ''विहीनबाई, तुमी बी चाला ना.''

हे वाक्य नीट समजून घ्या. आपण जेवायला बसलो आणि दारात कुणी आलं तर आपण म्हणतोच, ''या जेवायले.'' समोरचा म्हणतो, ''होऊ द्या.'' तो हात धुऊन पाटावर येऊन बसत नाही. त्याने बसायचं नसतं म्हणून तर आपण बोलावतो. शिवाय नत्थुजींना साखरेचा त्रास, त्यांचं पथ्यपाणी सोडून विहीणबाई कधी बुलढाण्यालासुद्धा मुक्कामाला गेल्या नव्हत्या. त्या काय म्हणणार, हे मला पाठ होतं. ''आमच्या ह्याईले कोन पाहीन?'' एवढं त्या म्हणतील, मी ''हो ना'' म्हणेन, आणि चप्पल घालेन.

विहीणबाई म्हणाल्या, ''चाला, येतो मी.''

मी नत्थुजींकडे पाहिलं. ते पेपर खाली न घेता म्हणाले, ''जाऊ द्या तिले. माहं मी पाहून घेईन.''

मूर्तिजापूर येईपर्यंत मी गाडीत एक शब्द बोलले नाही. मूर्तिजापूरनंतर थांबले नाही.

''तूनंच म्हटलं ना तिले, चाला म्हनून,'' हे म्हणाले.

''म्हटलं म्हनून कोनी येते का?''

''मंग म्हनाचं नाई.''

''उंबऱ्यात उभं राहून न म्हनता येते का? तुमाले काही रीत हाय की नाई?''

यावर यांनी खिडकीची काच खाली केली, वर केली, आणि बडनेऱ्याजवळ हळूच म्हणाले की तसंही ऑगस्ट-सप्टेंबरात मोर्शीच्या बगीच्यात संत्र्याची फळगळ असते, त्यांना निघणं कठीणच होतं. म्हणजे दोन जागा. मी आणि विहीणबाई. माणसाला इतका आनंद लपवता येत नसेल तर त्याने निदान गाडी चालवताना शीळ घालू नये.

बरं, चला, असंही निभलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून विहीणबाईंचे फोन सुरू झाले. विमानात दाराजवळची जागा मिळते का? अमावास्येला निघायचं नाही. जाताना ज्वारीचं पीठ न्यायचं की तिथं दळून मिळते? डिंकाचे लाडू त्या करणार की मी? मी म्हटलं मी करणार, तर म्हणाल्या, ''करा ना, मी अहळिवाचे करतो.'' प्रत्येक गोष्टीत त्यांचा वाटा निघत होता. माझ्या लेकीचं बाळंतपण आणि मला त्यातलं अर्धंच मिळणार, या विचाराने मला चिडचिड व्हायची. ती मी यांच्यावर काढायची, जीवनवर काढायची. रविवारी प्राजक्ताचा फोन आला की उरलेली तिच्यावर.

''गोळ्या घेतल्या?''

''हो आई.''

''चालून राहिली का रोज? की नुसती खुर्चीत बसतं?''

''चालते, आई.''

''आवाज असा काहून येते? झोपली नाई?''

''झोपले. बरी आहे मी.''

''मंग नीट बोल ना.''

मग ती नीट बोलायची. पाच मिनिटं सगळं व्यवस्थित सांगायची आणि फोन ठेवायची. मला वाटायचं, पोरगी शहाणी आहे, माझ्यावर गेली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात जीवनने बोलावलं. निमंत्रणपत्रं आली होती. त्याने दोन कागद छापून समोर ठेवले आणि एसी उगाचच वाढवला. ''मॅडम, तारखा पाहा बरं एकदा.''

मी चष्मा लावला. श्रीमती मनकर्णाबाई यांचा मुक्काम, पंचवीस ऑगस्ट ते वीस नोव्हेंबर. माझा, एक डिसेंबरपासून पुढे.

मी पुन्हा वाचलं. सप्टेंबरात बाळ होणार आणि मी डिसेंबरात पोचणार. म्हणजे बाळ मान धरायला लागलेलं असेल, बाळंतीण उठून हिंडत असेल. मी तिथं काय नाताळ बघायला जाऊ?

''चूक झाली असंन काही,'' जीवन म्हणाला. ''अदलाबदली झाली असंन.''

''चूक नाई हे. कोनी तरी मुद्दाम केलं,'' मी म्हटलं. कुणी केलं तेही मला तिथंच कळलं. कुलदीप आईचा एकुलता एक. त्याने आईला विचारलं असणार आणि आईने सांगितलं असणार. आधी येते म्हणायचं, मग लाडू वाटून घ्यायचे, मग सगळंच घ्यायचं. मी कागद पर्समध्ये घातले. प्राजक्ताला फोन केला नाही. पोटुशी पोर, तिच्या कानावर हे भांडण कशाला? ज्याचं त्याच्याशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांना बँकेत जाते म्हणून सांगितलं आणि अकोल्याची एसटी धरली. अडीच तास काय काय बोलायचं ते मनात पाठ केलं. ऊन असं की खिडकीच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. विहीणबाई, तुमचा मुलगा आहे, पण पोटात मी वाढवलीय तिला, इथून सुरुवात करायची. मानाचं शेवटी काढायचं.

दार उघडंच होतं. नत्थुजी दवाखान्यात गेले होते. विहीणबाई मागच्या पडवीत बसून कुरडयांचा गव्हाचा चीक हाताने ढवळत होत्या, कोपरापर्यंत हात पांढरे. मला पाहून त्या दचकल्या नाहीत, याचाच मला आधी राग आला.

''या, या. बसा. पानी घ्या बरं माठातलं, माहे हात भरेल हाय.''

''पानी नको. मले तुमाले इचारायचं हाय.'' मी पर्स उघडली. तेवढ्यात पाटावर ठेवलेला त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर माझ्या मुलीचा फोटो.

''रोज यावक्ती येते तिचा,'' विहीणबाई म्हणाल्या. ''हापिसात निंगाच्या आधी. उचला वं जरा, अन् धरा माह्यासमोर.''

रोज. मला रविवारी येतो. माझे हात आपोआप पुढे झाले, मी हिरवं बटण सरकवलं आणि फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. मला पडद्याची मागची बाजू दिसत होती.

''आई,'' प्राजक्ताचा आवाज आला. विहीणबाईंना ती आई म्हणत होती. आणि तो आवाज मी ओळखलाच नाही. नाक चोंदलेलं, लहान पोरीसारखा. ''रात्रभर झोपली नाही मी. पुन्हा तेच. मला वाटते की मला जमणारच नाही. काहीतरी होईल. इतकी भीती वाटते ना, आई, कुलदीपलाही सांगत नाही मी, तो घाबरते...''

''थांब, थांब,'' विहीणबाई म्हणाल्या. ''रडू नको. पयले आईक. तुही माय हाय इथं. तिनंच फोन धरला.''

मी फोन फिरवून माझ्याकडे केला. प्राजक्ता खिडकीजवळ उभी होती, मागे पाऊस, डोळे सुजलेले. आणि माझ्या देखत, मला पाहता पाहता, तिने चेहरा सारखा केला. फळा पुसतात तसा.

''आई, तू अकोल्याला?''

''ह्या तारखा कोनी टाकल्या?'' मी विचारलं. मला ते विचारायचं नव्हतं. पण पाठ केलेलं तोंडातून आलं.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, ''मी.''

''कुलदीपनं सांगतलं?''

''नाही. मीच लिहायला लावल्या. त्याचं म्हणणं होतं आधी तुला सांगावं. माझ्याच्यानं झालं नाही.''

''काहून?'' मला वाटतं मी ओरडले. पडवीतला चिमण्यांचा आवाज थांबला. ''मी काय केलं तुले?''

''हे,'' ती म्हणाली.

मग ती हळू बोलायला लागली, मुद्देसूद, जशी ती माझ्याशी नेहमी बोलते. ''तू आली की मला बरं असावं लागते, आई. दुखलं तर तू आधी रागावते, काहून पडली, काहून नीट पाहिलं नाही. मग औषध देते. चांगलंच देते. पण नववीत माझा हात मोडला होता, आठवते तुले? शाळेत पडले अन् घरी येऊन सांगितलंच नाही. रात्रभर गप झोपून राहिले, कारण दुसऱ्या दिवशी शाळेत तुझा गणिताचा पेपर होता, तू चिडली असती. मला तिथं ओरडायचं आहे, आई. रडायचं आहे. सगळं झाल्यावर तू ये ना. मी बरी झाल्यावर.''

मी बरी झाल्यावर. आईला बोलवायचं ते बरं झाल्यावर.

''माझी बस येते,'' ती म्हणाली. ''संध्याकाळी करते फोन.''

''कोनाले?'' मी विचारलं. पण तोवर तिने ठेवला होता.

मी फोन पाटावर ठेवला आणि तिथंच खाली बसले. विहीणबाईंनी हात धुतले, माठातलं पाणी आणून दिलं. मी प्यायले नाही. मला एवढा संताप आला होता, आणि आता तो कुणावर काढायचा ते समजेना. एसटीत पाठ केलेलं सगळं वाया गेलं. ज्या बाईशी भांडायला आले तीच समोर पदराने हात पुसत उभी.

''मले हौस नाई, बाई, त्या थंड्या गावात जाची,'' त्या म्हणाल्या. ''ह्याईची साखर तीनशेवर जाते, मी नसलो त ते जिलेबी खाईन. पन पोट्टी दोन महिन्यांपासून म्हनून राहिली, तुमी या. मी म्हटलं, तुह्या मायचा मान हाय पयला. तिनं म्हटल्याबिगर मी येनार नाई. मंग तुमी त्या दिवशी उंबऱ्यात म्हटलं, चाला.''

''ते मी मनापासून म्हटलं नवतं,'' मी म्हटलं. खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

''ठाऊक हाय मले. तुमचं तोंड पाह्यलं ना मी.'' त्या माझ्याशेजारी बसल्या. ''पन पोरीसाठी मी ते पदरात घेतलं. आता रागवा, काय म्हनायचं ते म्हना. मी आईकतो.''

मी रडले. विहिणीसमोर रडणं यापेक्षा मोठी नामुष्की आमच्याकडे दुसरी नाही, आणि मी ती केली. त्या मोडक्या हाताचं मला आठवत होतं. सकाळी कळलं तेव्हा मी काय म्हटलं होतं तेही आठवत होतं. मी म्हटलं होतं, ''आताच मोडायचा होता?'' आणि मला वाटत होतं की ती हे विसरली असेल. मुलं विसरतात, असं आपणच ठरवून टाकतो. तेहतीस वर्षांत किती पोरांनी माझ्यासमोर असा चेहरा सारखा केला असेल, कोण जाणे. त्यांना शिस्त आहे असं मी समजत होते.

यांना फोन करून सांगितलं की बँकेत नाही, अकोल्यात आहे. ते म्हणाले, ''मले वाटलंच. भांडन झालं का?'' मी म्हटलं, नाही. तर ते घाबरले.

दुपारी मी परत निघणार होते, पण विहीणबाईंनी जेवू घातलं, आणि मग कुरडया घालायला माणूस कमी पडत होतं. आम्ही दोघी गच्चीवर साचा दाबत राहिलो. कामापुरतंच बोललो. एक-दोनदा माझ्या तोंडावर आलं की असं घट्ट नको, तसं करा. एकदा बोललेही. त्यांनी तसं केलं नाही आणि कुरडया चांगल्या पडल्या.

साडेसहाला फोन आला, त्यांच्याच फोनवर. त्यांनी नाव पाहिलं, फोन माझ्या हातात दिला आणि चीक लागलेलं पातेलं घेऊन खाली गेल्या. खरं तर पातेल्याची काही घाई नव्हती.

''आई आहे?'' प्राजक्ताने विचारलं. कुठली आई, ते मला कळलं नाही.

''मी हावो.''

''रागावली?''

''हो,'' मी म्हटलं. नाही कशी म्हणणार? ''लय रागावली. पन तू सांग. भीती कशाची वाटते तुले?''

ती आधी ''काही नाही गं'' म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही, नुसती थांबले. मग तिने सांगायला सुरुवात केली. तिच्या ऑफिसातल्या एकीचं मूल पोटातच गेलं होतं, मार्चमध्ये, आठव्या महिन्यात. मला हे कधी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तिची झोप उडाली; आता ती रात्री उठून पोटावर हात ठेवून बसते, पोर हललं की झोपते. तिला तिथल्या नर्सची भाषा दुखताना आठवणार नाही असं वाटतं. तिला असंही वाटतं की आपल्याला बाळाचा राग आला तर काय करायचं. आपण तिच्यावर ओरडलो तर. मुलगी असेल असं तिला वाटतं.

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं. असं होत नसतं. हे वेड्यासारखं बोलणं आहे. रात्री उठून बसलीस तर झोप कशी होणार. चार वेळा तरी शब्द अगदी दातांपर्यंत आले, आणि चारही वेळा मी ओठ मिटून घेतले. इतकं अवघड काम मी जन्मात केलं नव्हतं. खाली रस्त्यावर ऑटोवाले ओरडत होते. गच्ची अजून तापलेली होती, पायाला चटका बसत होता, पण हललं तर आवाज होईल म्हणून मी हललेही नाही.

ती बराच वेळ बोलली. मग एकाएकी थांबली.

''आई?'' तिने घाबरून विचारलं. ''हॅलो? आई, फोन कट झाला का?''

''नाई,'' मी म्हटलं. ''आईकून राहिली मी. बोल तू.''